अक्कांचा काठ

कावेरीच्या पाण्यात माती किती असते हे खुद्द कावेरीला माहीत नसेल, पण आमच्या हिच्या मामांना माहीत असे. मुंजीच्या पंगतीत असोत, देवळाच्या गोपुराखाली असोत, नाहीतर कोणाच्या मयताला आलेले असोत, त्यांना नुसते "काय मामा, पाणी कसं आहे?" एवढे विचारायचा अवकाश, की मामा डोळे किंचित मिटून घेत, चिमटीत काहीतरी चोळल्यासारखे करत आणि सांगत, "काल्ह दाट होतें. आज सकाळीं उतरलें. पण दुपारीं पुन्हा दाटेल. वर कोठें तरी करै ढांसळटली आहे." करै म्हणजे तमिळमध्ये काठ. विचारणारा बिचारा सहज बोलून गेलेला असे. त्याला वाटे, आता हे थांबतील. पण मामा त्याचा हात धरून त्याला माती कुठली, कोणत्या रंगाची, किती वेळात भांड्याच्या तळाशी बसते, हे सगळे ऐकवत. एकदा एका मयताच्या घरी त्यांनी हे इतके रंगवून सांगितले, की मयताचा थोरला मुलगा रडायचा थांबून "मग पुढे काय झालं?" असे विचारू लागला. आमच्याकडे वाईलाही नदी होती, घाट होते, घाटावर बसून लोकांच्या सुनांविषयी बोलणारे होते. पण पाण्याखालच्या चिखलाची जातीने विचारपूस करणारा एकही इसम मला आठवत नाही.

आधी माझे सांगतो, म्हणजे गोंधळ नको. विमा कंपनीच्या नोकरीने मला तंजावर जिल्ह्यात नेऊन टाकले, आणि तिथल्याच एका मराठी घरातली मुलगी मला सांगून आली. ही मंडळी तंजावरच्या दरबाराबरोबर केव्हाची तिकडे उतरलेली. बाहेर तमिळ बोलायचे, घरात मराठी, आणि ती मराठीही अशी, की मला वाटे मी एखाद्या जुन्या बखरीत जेवायला बसलो आहे. त्यांना उलट माझ्याच मराठीची कीव येई. मामा म्हणत, "पुणेंकर, तुमची भाषा बिघडटली. तुमचा दोष नाहीं, तुम्ही दूर राहटां." मी वाईचा असे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिले, पण त्यांच्या लेखी तुंगभद्रेपलीकडे सगळे पुणेच होते. लग्नानंतर भाड्याची खोली मिळेपर्यंत म्हणून मी कुंभकोणातल्या मेलकावेरीत सासुरवाडीला राहिलो. खोली मला पुढे कैक वर्षे मिळाली नाही, कारण मी ती शोधलीच नाही. घरात आम्ही तिघे: मी, ही आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना सगळी आळी अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणू लागलो. मेहुणे मद्रासला रेल्वेच्या कचेरीत होते. अक्कांच्या परसात विहीर, शेवग्याचे झाड, थोड्या केळी, आणि परस संपले की वायक्काल, म्हणजे शेतांसाठी कावेरीतून काढलेला पाट. पाटाच्या पलीकडे नारळाची बाग आणि बागेत एक कौलारू खोली. ती बाग आणि ती खोली मामांची. वडिलांनी घर मुलीला दिले, बाग मुलाला दिली, आणि मधून पाणी वाहते ठेवले.

मामा अक्कांचे धाकटे भाऊ. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, लग्न केले नव्हते, आणि पेन्शनीत निघाल्यापासून त्यांचा हात शिवशिवत असे. पाट नेमका अक्कांच्या परसामागे वळतो. वळणावर पाण्याचा सगळा रेटा अक्कांच्या बाजूला बसे, आणि दर साली परसाचा थोडा थोडा तुकडा निघून जाई. उन्हाळ्यात पाणी बंद होऊन पाट कोरडा पडला, की मामा काठाची रेघ जशी असेल तशी, वळणासकट, अक्कांच्या घराच्या मागच्या भिंतीवर कोळशाने काढत. गेल्या सालची रेघ पुढे, यंदाची तिच्या आत, अशा रेघा वाढत वाढत अर्धी भिंत भरली होती. मास्तरांचा हात होता तो. पाहणाऱ्याला ती रेघ ओली वाटे. आणि एका पोंगलला अक्कांनी, घरोघरी करतात तशी, सगळ्या भिंतींना चुन्याची सफेदी दिली. मामा दुपारी जेवायला आले तो भिंत पांढरीशुभ्र. "अक्का, नदी कोठें आहे?" "मागें आहे कीं." "भिंतीवरली!" "ती होय? मज वाटलें धूर बसटला आहे." वर्षानुवर्षांच्या रेघेला धूर म्हटलेले ड्रॉइंग मास्तराने कसे सोसावे? त्या दिवसापासून मामा अक्कांशी बोलेनासे झाले, आणि अक्का तरी कशाला आधी बोलतील? मी लग्न होऊन त्या घरात आलो तेव्हा हा अबोला चांगला मुरलेला होता.

जेवण मात्र एक दिवसही चुकले नाही. पाटावर ताडाचे एक खोड आडवे टाकलेले होते. मामा छत्री तोलत त्यावरून येत, पाय धूत, आणि पानावर बसत. अक्का वाढत. आणि बोलणे सगळे माझ्यामार्फत. अक्का मामांच्या पानापुढे वाकून, भाताचा डाव हातात धरून मला विचारत, "जांवईराव, त्यांस विचारा, भात वाढूं कीं?" मी विचारत असे. मामा सांगत, "पुणेंकर, पोदुम म्हणावें." मी म्हणे, "पुरे म्हणतात." त्यावर अक्का मलाच फटकारत, "मज ऐकूं आलें. मी बहिरी आहें कीं काय?" मी दौऱ्यावर गेलो म्हणजे हे काम माजघरातल्या खांबाकडे जाई. ही सांगते, खांबाच्या वेळी बोलणे जास्त सुरळीत होई, कारण खांब स्वतःच्या पदरचे काही घालत नसे. ही स्वतः हे काम का करत नव्हती, असे मी तिला विचारले, तर म्हणाली, "मी लहानपणापासून दोघांचा मार खाल्ला आहे. तुम्ही नवीन आहात."

तर असा मी नवीन असतानाच ती साडीची भानगड झाली. मामांनी एके दिवशी मला तिण्णैवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, बाजूला घेतले आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले, "पुणेंकर, अक्काचा काठ उसवटो आहे. तिला सांगून उपयोग नाहीं. तुम्ही कांहीं तरी करा." मला गहिवरून आले. भाऊ बोलत नाही, पण बहिणीच्या फाटक्या लुगड्याकडे त्याचे लक्ष आहे! आणि आपण जावई असून आपल्याला दिसले नाही. मी त्याच संध्याकाळी विणकरांच्या आळीत गेलो आणि सासूबाईंच्या वयाला शोभेल असे, बोटभर काठाचे, चांगले घट्ट विणीचे लुगडे घेऊन आलो. अक्कांनी घडी उलगडून पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. "हें कां?" मी जरा लाजत म्हणालो, "मामा म्हणाले, तुमचा काठ उसवलाय." अक्का उठल्या, परसदारी गेल्या, आणि पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने शेवग्याच्या झाडाला म्हणाल्या, "बाईमाणसाच्या लुगड्याकडे पाहटात! ह्या वयांत!" मामा खोडावरून जवळजवळ धावत आले. "पुणेंकर! तो काठ नव्हे हो! हा काठ!" आणि छत्रीने पाटाकडे दाखवत त्यांनी मला परसाच्या कडेला ओढत नेले. तिथे खाली केळीची मुळे अधांतरी लोंबत होती. मराठीत लुगड्यालाही काठ आणि नदीलाही काठ, आणि गंमत म्हणजे तमिळमध्येही दोन्हींना करैच. मी माझे ज्ञान दाखवत मामांना हे म्हणालो, तर ते म्हणाले, "दोन भाषा एकच गोष्ट सांगटात, आणि तुम्हांस लुगडेंच दिसटें." लुगडे अक्कांनी ठेवून घेतले. मला मात्र त्या दिवसापासून मामांनी काठाच्या कामाला जुंपले.

काम असे. काठाच्या उभ्या मातीत खिळे आडवे ठोकायचे, अगदी डोके मातीला टेकेपर्यंत. पुढे माती खचली की खिळा बाहेर दिसू लागतो. जितका खिळा बाहेर, तितका काठ गेला. इतकी सोपी गोष्ट मला आधी सुचली नाही याचे वाईट वाटले. पण लोखंडी खिळ्याला जगात इतरही उपयोग असतात, आणि मेलकावेरीतल्या लोकांना ते सगळे माहीत होते. मामांचे खिळे दोन दिवस टिकत नसत. शेवटी मामांनी ठरवले, खिळे पितळेचे करून घ्यायचे, म्हणजे गंजायचेही नाहीत. अक्का खांबाला म्हणाल्या, "लोखंड चोरटलें, म्हणून आतां पितळ ठेवटात. तेंही गेलें म्हणजे सोनें ठेवतील." मामांनी तिकडे लक्ष दिले नाही. आम्ही बसने स्वामीमलैला गेलो. तिथे मूर्ती ओतणारे स्थपती राहतात. मामांच्या ओळखीच्या एका वृद्ध स्थपतीने खिळ्याचे चित्र पाहिले आणि विचारले, "मूर्ती कोणत्या देवाची?" मामा म्हणाले, देवाची नाही, खिळ्याची. "मग ध्यान काय याचे?" ध्यानश्लोकाशिवाय तो मेणाला हात लावायला तयार नव्हता, कोणाचे रूप ओतायचे ते कळल्याशिवाय माप कसे धरणार? मामांनी तिथेच बसून खिळ्याचे ध्यान सांगितले: एकपाद, निर्भुज, चपट्या मस्तकाचा, पृथ्वीच्या पोटात आडवा निजलेला, स्थिर मुद्रेचा. स्थपतीने डोळे मिटून ऐकले, मान डोलावली, आणि आठवड्याने खिळे तयार ठेवले. फक्त त्याला अगदीच राहवले नव्हते; प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर त्याने कमळाच्या पाकळ्या काढल्या होत्या. मजुरी म्हणून त्याने मामांकडून पाण्यातला गाळ मागून घेतला. मूर्तीच्या साच्यावर पहिला हात देतात तो कावेरीच्या मऊ गाळाचा, आणि मामांच्या भांड्यांत खाली बसलेल्या गाळाइतका मऊ गाळ त्याला कुठे मिळत नव्हता म्हणे. मामा परत येताना बसमध्ये सगळ्या प्रवाशांना हे सांगत होते.

पितळी खिळे कोणी चोरले नाहीत. पाटावर धुण्याला येणाऱ्या बायकांनी पाहिले, काठाच्या मातीत ओळीने कमळे चमकत आहेत. झाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या खिळ्याला हळद लागली, पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना कुंकू. महिनाभराने मामा माप घ्यायला बसले तर खिळे बाहेर येण्याऐवजी आत गेलेले! काठ वाढला! मामांनी घरोघर साखर वाटली, मला मिठी मारली, आणि खांबाला सांगितले की त्यांस कळवा, काठ वाढटला. अक्का स्वतः परसात गेल्या, वाकून पाहिले, नखाने एका खिळ्याभोवती खरवडले आणि नख मला दाखवून म्हणाल्या, "जांवईराव, त्यांस सांगा, ही हळद आहे." मामा जेवणापुरते सोडले तर दिवसभर खोलीबाहेर आले नाहीत. पण बायकांना मनाई करायची सोय नव्हती, कारण देव म्हणून तर खिळे शाबूत होते. तेव्हा मापाआधी प्रत्येक खिळा ओल्या फडक्याने पुसायचा, असे ठरले. मामा तांब्या आणि फडके घेऊन खिळ्यांपुढे बसले, की बायकांना वाटे अभिषेक चालला आहे, आणि त्या मागे हात जोडून उभ्या राहत. एकदा तर कोणी घंटा वाजवली. मामांनी निमूटपणे कापूर लावला आणि मगच माप घेतले.

गाळाचे प्रकरण याहून अवघड, कारण ते घरात घुसले. पाटाला पाणी आले की मामा बाटल्यांतून पाणी भरून आणत आणि गाळ बसायला अक्कांच्या स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवत, कारण त्यांच्या खोलीवर नारळ पडून कौले हलत आणि पाणी ढवळे. चिंचेच्या कोळाशेजारी, साराच्या पातेल्याशेजारी, मामांची गढूळ पाणी भरलेली बाटली. अक्का काही बोलत नसत, कारण बोलत नसतच. पण एकदा मामांनी हद्द केली. पाण्यातला बारीक गाळ वेगळा काढायला त्यांना गाळणे हवे होते, आणि कुंभकोणात कॉफीच्या पितळी फिल्टरइतके बारीक भोकांचे गाळणे दुसरे कोणते? मामांनी तो वापरला, धुऊन ठेवला असे त्यांना वाटले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मद्रासचे मेहुणे आले. मेहुण्यांनी पहिला घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि दवरा, म्हणजे कॉफीची वाटी, खाली ठेवला. "आई, कॉफीत नदी आहे."

मेहुणे माणूस वाईट नव्हते. ते उठून परसात गेले, विहिरीपासून काठापर्यंत चालत गेले, आणि दुपारी जेवणाच्या वेळी आईला म्हणाले, "मागल्या खेपेस आलों तेव्हां केळीपलीकडे जागा होती. आतां केळीच लोंबतात. पाणी विहिरीस लागटलें कीं मी ऐकणार नाहीं. घर विकूं आणि तूं मद्रासास चल. एथें तुझ्या मागें पाणी आणि पुढें कोण आहे?" अक्का चूल पुसत राहिल्या. मामा पानावर बसले होते. त्यांनी पहिल्या भातावरच हात धुतला. मला तेव्हा लख्ख कळले, की हा माणूस नदी मोजत नाही, अक्का अजून किती दिवस इथे आहेत ते मोजतो आहे. मला मामांविषयी एकदम इतके वाटले, की मी गाळाची बाटली त्यांच्या खोलीपर्यंत स्वतः हातात धरून पोचवली, न ढवळता.

पुढच्या उन्हाळ्यात पाटाची डागडुजी निघाली आणि खात्याचा एक तरुण इंजिनिअर सायकलवरून काठ पाहत हिंडू लागला. मला वाटले, आता मामांचे हसे होणार. पण पोरगा चांगला निघाला. त्याने कमळाचे खिळे पाहिले, हसला, आणि मांडी घालून मामांशेजारी मातीत बसला. कुठला खिळा जास्त उघडा पडतो, पाणी भरते तेव्हा पडतो की उतरते तेव्हा, हे तो विचारत गेला आणि मामा सांगत गेले. दगडी भिंत बांधायला पैसा नव्हता, आणि ती बांधून उपयोगही नाही असे दोघांचेही मत पडले. ताडाच्या खोडांचे तिरपे खुंट पाण्यात रोवायचे, खुंटांमध्ये काटक्यांच्या मोळ्या दाबायच्या, काठावर लव्हाळे, वाळा आणि निर्गुडी लावायची. खुंट पाण्याचा रोख मध्ये वळवतील आणि मुळे माती धरतील, असा बेत ठरला. निघताना इंजिनिअर सायकलवर टांग टाकून थांबला आणि तमिळमध्ये म्हणाला, "एक आहे, अय्या. इकडून वळवलेले पाणी खाली जाऊन समोरचा काठ खाईल. समोरची बाग कोणाची आहे? त्याला आधी विचारायला हवे." मामा म्हणाले, "एका वेड्याची आहे. तो अर्जबिर्ज करणार नाही."

सायकल गेल्यावर मी म्हणालो, "मामा, बाग तुमची आहे." मामा खाली वाकून वाळ्याचे रोप चाचपत होते. "पुणेंकर, पाण्यास जेवण पाहिजे. एका पानावरून उठवटलें तर तें दुसऱ्या पानावर बसेल. बसूं दे माझ्या. मज नारळ आवडट नाहींत." हे साफ खोटे होते; मामा नारळाच्या चटणीशिवाय दोसा खात नसत. "आणि हें अक्कास सांगूं नका." त्या दोघांचे इतके निरोप मी इकडून तिकडे पोचवले, पण न पोचवायचा असा हा एकच.

आषाढात, तिकडच्या आडी महिन्यात पाणी आले तोवर लव्हाळे रुजले होते. खरी परीक्षा ऐप्पसीत, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमाराला, तिकडे परतीचा पाऊस कोसळतो तेव्हा. त्या साली तो असा कोसळला, की मेहुण्यांची तार आली: आईला घेऊन ताबडतोब या. अक्कांनी तार माझ्या हातून घेतली आणि चुलीत घातली. सकाळी उठून पाहतो तो ताडाचे खोड वाहून गेलेले, पाट दुथडी, आणि पलीकडे मामा छत्री धरून उभे. दुपार झाली. अक्कांनी स्वयंपाक केला, पान मांडले, आणि परसदारी येऊन उभ्या राहिल्या. "जांवईराव, त्यांस सांगा, मोठ्या पुलावरून या म्हणावें." मी ओरडलो. पाण्याच्या आवाजात माझे ओरडणे मलाच ऐकू आले नाही. मामा मात्र पलीकडून अक्कांच्या काठाकडे बोट दाखवत होते, मग अंगठा आणि बोट एकमेकांना चिकटवून दाखवत होते, की काही गेले नाही, तसूभर गेले नाही, आणि आनंदाने छत्री नाचवत होते. तेवढ्यात त्यांच्या मागचा, जरा खालच्या अंगाचा एक नारळ हळूच वाकला आणि पाण्यात आडवा झाला. मग दुसरा. मामांनी मागे वळून पाहिले नाही. ते खुणा करतच राहिले.

अक्का पाहत होत्या. त्यांनी खुंटांकडे पाहिले, खुंटांवरून समोर जाणाऱ्या पाण्याकडे पाहिले, पाण्यात पडलेल्या माडांकडे पाहिले. शाळेत त्या गेल्या नव्हत्या, पण एवढे समजायला शाळा लागत नाही. मला बाजूला सारून त्या अगदी काठावर गेल्या आणि असा आवाज लावला, की तो पाण्याला कापत गेला. "अरे! माघारीं पाहा! तुझी बाग जाते!" मी इतकी वर्षे त्या घरात होतो, पण अक्कांना मामांना "अरे" म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकले. मामांना ते ऐकू गेले असावे, कारण छत्री नाचायची थांबली. पण सवय माणसाला सोडत नाही. त्यांनी तोंडाशी हात धरून ओरडून सांगितले, "पुणेंकर! त्यांस सांगा, मज ठाऊक आहे!" त्यावर अक्का जे किंचाळल्या ते मी जन्मात विसरणार नाही. "मज सांग! मज! त्या पुणेंकरास कां सांगटोस?" आणि त्या रडू लागल्या. पलीकडे मामांनी छत्री खाली घेतली, पाऊस अंगावर घेत तसेच उभे राहिले, आणि मग म्हणाले, "अक्का, तुझा काठ आहे ग." माझ्या डोळ्यांत पाणी आले हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्या पावसात ते कोणाला दिसलेही नाही.

मामा मोठ्या पुलावरून वळसा घालून भिजून चिंब होऊन आले, आणि अक्कांनी त्यांना जेवू घातले ते शिव्या देतच. बागेची पाण्याकडची सगळी बाजू गेली होती आणि खोलीची भिंत कलली होती, म्हणून मामा आमच्याकडेच राहायला आले. मग मात्र घरात बसायची सोय राहिली नाही. अबोल्याच्या वर्षांची सगळी थकबाकी दोघे भावंडे वसूल करू लागली. धूर म्हटलेस, चोरून नारळ विकलेस, बाबांच्या श्राद्धाला उशिरा आलास, माझ्या लग्नात रुसलास. सकाळी कॉफीपासून सुरुवात होई ती दुपारच्या झोपेपर्यंत. माझी निरोप्याची नोकरी गेली. कधी मी सवयीने मध्ये तोंड घातले, तर दोघेही मिळून म्हणत, "तुम्ही कां मधें पडटां?" मेहुणे पोंगलला आले, परसात गेले, विहिरीपासून काठापर्यंत चालले, आणि मद्रासचे नाव काढले नाही. काठावर निर्गुडी डोक्याएवढी झाली होती आणि बायका खिळे शोधत हळदीची वाटी घेऊन हिंडत होत्या.

पुढे माझी बदली तिरुच्चीला झाली. त्यानंतर दोनेक वर्षांनी अक्का गेल्या. फार दिवस अंथरुणावर नव्हत्या, आपल्याच घरात, आपल्याच माजघरात गेल्या. मला सुट्टी मिळून कुंभकोणाला पोचेपर्यंत सगळी पाहुणेमंडळी पांगली होती. मामा परसात काठावर बसलेले होते. लव्हाळ्याने इतका गाळ धरला होता की एकही खिळा दिसत नव्हता. काठ खरोखरच वाढला होता, हळदीने नव्हे. मी त्यांना तसे म्हणालो, त्यांना बरे वाटेल म्हणून. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "पुणेंकर, मीं तिला मद्रासास जाऊं दिली नाहीं." मी म्हणालो, बरेच केलेत. "होय. पण मद्रासास गेली असती, तर आज पत्र तरी आलें असतें." असे म्हणून ते हसले, हातातली ओली माती त्यांनी धोतराला पुसली, आणि पुन्हा पाण्याकडे पाहू लागले. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो. त्या संध्याकाळची माझी गाडी चुकली, आणि मी ती चुकू दिली.